मिठाचा ताळेबंद

इचलकरंजी पंचगंगेच्या काठावर वसलेली आहे, आणि तरीही हे शहर गेली कित्येक वर्षे पिण्याचे पाणी दुसऱ्या नद्यांकडे मागत फिरते आहे. आधी मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले गेले. पुढे वारणेतून आणायचे ठरले, तेव्हा दानोळीसह वारणाकाठची गावे विरोधात उभी राहिली. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना पुढे आली आणि कागल तालुक्यातून विरोध सुरू झाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात एवढेच असते की, दारातली नदी नासवून बसलात, आता आमच्या नदीवर डोळा का? हे म्हणणे पूर्णपणे न्याय्य नाही. कोल्हापूर शहराचा मैला, साखर कारखान्यांचे पाणी आणि काठावरच्या गावांचे सांडपाणी इचलकरंजीच्या वरच्या अंगालाच पंचगंगेत मिसळलेले असते. तरी ते अगदीच अन्याय्यही नाही, कारण यंत्रमागाच्या कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने इचलकरंजीचे स्वतःचे आहेत आणि त्यांच्या रंगाचा वाटा नदीकाठच्या कुणाला सांगावा लागत नाही. २०१२ मध्ये याच शहरात कावीळीची मोठी साथ आली. तिचे कारण रंग नव्हे, पिण्याच्या पाण्यात मिसळलेला मैला होता. पण पाण्याच्या बाबतीत शहर किती उघडे पडले आहे, हे त्या साथीने दाखवून दिले.

अशा वेळी अत्याधुनिक मेम्ब्रेनचे, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पटलाचे, नाव निघते. सभांमधून, अहवालांमधून आणि वर्तमानपत्रांतून असा सूर लागतो की, आता नवी पटले आली आहेत, ग्राफीनची (कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराची) आली, नॅनोकणांची आली, ती बसवली की कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी बिसलेरीसारखे होईल आणि नदीचा प्रश्न सुटेल. माझे म्हणणे असे की, या सुरात तंत्रज्ञानाची बाजू बरीचशी खरी आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. मेम्ब्रेन घाण नाहीशी करत नाही, ती फक्त वाटणी करते. एका बाजूला स्वच्छ पाणी काढून देते आणि दुसऱ्या बाजूला तीच घाण थोड्या पाण्यात गोळा करून ठेवते. त्या दुसऱ्या बाजूचे काय करायचे हे ठरलेले नसेल, तर पटल कितीही प्रगत असले तरी सार्वजनिक पैशाने आपण फक्त घाणीची जागा बदलत असतो.

ज्यांच्या स्वयंपाकघरात आरओ बसवलेला आहे, त्यांना ही वाटणी रोज दिसते. यंत्रातून एक बारीक नळी बेसिनमध्ये सोडलेली असते आणि तिच्यातून वाहून जाणारे पाणी बहुतेक घरांत गाळून मिळालेल्या पाण्यापेक्षा जास्त असते. घरात ते खपून जाते, कारण आत येणाऱ्या पाण्यात मुळातच फारसे क्षार नसतात. रंगकामाच्या कारखान्यात मात्र त्या बारीक नळीचा मोठा पाइप होतो, आणि खरा प्रश्न त्या पाइपच्या तोंडाशी सुरू होतो.

पटलांच्या पायऱ्या थोडक्यात सांगायला हव्यात, नाहीतर पुढचा वाद समजणार नाही. मायक्रोफिल्ट्रेशनची भोके मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतात आणि ती गाळ व बहुतेक जिवाणू अडवतात. अल्ट्राफिल्ट्रेशनची त्याहून दहापट बारीक असतात आणि ती विषाणूही अडवू शकतात. नॅनोफिल्ट्रेशन रंगाचे रेणू आणि सल्फेटसारखे दोन भारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, अडवते, पण साध्या मिठाला बऱ्याच अंशी वाट देते. रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आपला आरओ, मीठही अडवतो. त्याच्या पटलाला खरे म्हणजे भोकेच नसतात, दाबाखाली पाणी त्या पदार्थात विरघळत जाऊन पलीकडे निघते. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज अॅसिटेटचे असे पटल बनवले आणि आरओ प्रयोगशाळेबाहेर पडण्याजोगा झाला. १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा केसापेक्षा शेकडोपट पातळ थर सच्छिद्र आधारावर बसवला. आज जगात जे आरओ विकले जातात, ते बहुतेक त्याच घराण्यातले आहेत.

त्यानंतर बरेच काही झाले. पॉलिअमाइडच्या थरात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे कण मिसळून पाहिले गेले, पेशींमध्ये पाणी वाहून नेणारी अॅक्वापोरिन नावाची प्रथिने पटलात बसवली गेली, आणि २०१२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की ग्राफीन ऑक्साइडचा थर हेलियमसारख्या वायूलाही अडवतो, पण पाण्याच्या वाफेला सहज जाऊ देतो. (ग्राफीन वेगळे काढले गेले तेही मँचेस्टरलाच, आणि इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो, पण या दोन मँचेस्टरांमध्ये अजून तरी फारसे दळणवळण नाही.) हे सगळे संशोधन मोलाचे आहे आणि त्याची थट्टा करण्याचा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, यातून पाणी जास्त वेगाने जाणारे पटल मिळाले, तर रंगकामाच्या सांडपाण्याचा खर्च कितपत कमी होईल?

या प्रश्नाचे उत्तर ऊर्जेच्या हिशोबात आहे आणि ते उत्साह थोडा थंड करणारे आहे. समुद्राच्या पाण्यातून निम्मे गोडे पाणी काढायचे, तर निसर्गनियमाने दर घनमीटरला किमान सुमारे एक युनिट वीज लागतेच. पटल सोन्याचे असले तरी तिच्यात सूट नाही. आजचे चांगले आरओ त्या मर्यादेच्या साधारण दुपटीवर चालतात. म्हणजे पटलाचा पदार्थ सुधारून वाचण्याजोगी वीज मुळातच थोडी उरली आहे. उलट पाणी जास्त वेगाने ओढले, की पटलाच्या तोंडाशी क्षार आणि सेंद्रिय गाळ जास्त वेगाने साचतो आणि पटल तुंबते. या धंद्यातली माणसे त्याला फाउलिंग म्हणतात आणि त्यांची झोप त्यानेच उडवलेली असते, वेग कमी असल्याने नव्हे. कापड कारखान्याच्या पाण्यात स्टार्च असतो, मेण असते, साबण असतो, तुटलेले धागे असतात. असे पाणी नीट पूर्वप्रक्रिया न करता आरओवर सोडले, तर वर्षानुवर्षे टिकायला हवे असलेले पटल काही महिन्यांत बदलावे लागते. पॉलिअमाइडला क्लोरीन सोसत नाही, त्यामुळे जंतूंचा थर मारायला सर्वांत स्वस्त औषधही वापरता येत नाही. मला विचाराल तर संशोधनाचा पैसा ग्राफीनच्या वेगापेक्षा क्लोरीन सोसणाऱ्या आणि स्टार्चने न तुंबणाऱ्या पटलाकडे आधी गेला पाहिजे. पटलाच्या संशोधनासाठी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, भावनगरला केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्था आहे. प्रत्यक्ष कारखान्यात तुंबलेली पटले उघडून ती कशाने तुंबली हे पाहण्याचे अनाकर्षक काम त्यांच्याकडून करवून घेण्याची तजवीज मात्र धोरणात व्हायला हवी.

आता मिठाकडे येऊ, कारण सगळे प्रकरण तिथे येऊन थांबते. सुती कापड रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, घालावे लागते. गडद रंगाला लिटरमागे साठ ग्रॅम आणि एक किलो कापडाला आठ लिटर पाणी धरले, तर किलोभर कापडामागे जवळजवळ अर्धा किलो मीठ होते. दिवसाला दहा टन कापड असे रंगवणाऱ्या कारखान्यातून रोज पाच टनांच्या आसपास मीठ पाण्याबरोबर बाहेर पडते. कापड मीठ खात नाही, रंगही मीठ खात नाही. जेवढे घातले तेवढे सगळे बाहेर येते. अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या सामूहिक प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण मिठाला ते तोंड लावत नाहीत. म्हणून रंग उतरलेले, वास गेलेले, पाहायला स्वच्छ दिसणारे पाणीही विरघळलेल्या क्षारांच्या २१०० मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या कितीतरी वर असू शकते.

हे पाणी आरओवर सोडू. समजा आत येणाऱ्या पाण्यात लिटरला सहा हजार मिलिग्रॅम क्षार आहेत आणि पंचाऐंशी टक्के पाणी परत मिळवले. मग उरलेल्या पंधरा टक्क्यांत, ज्याला रिजेक्ट म्हणतात, क्षार लिटरला चाळीस हजारांवर जातात, म्हणजे समुद्रापेक्षाही जास्त. समुद्रकाठच्या गावी ते समुद्रात सोडण्याचा मोह होतो आणि तिथे तो निदान कल्पनेत तरी बसतो. इचलकरंजी समुद्रापासून सह्याद्रीच्या अलीकडे आहे. इथे ते पाणी आटवावे लागते. एक घनमीटर पाण्याची वाफ करायला सहाशेहून अधिक युनिटांइतकी उष्णता लागते. एकाची वाफ दुसऱ्याला तापवायला वापरणारी बाष्पीभवकांची साखळी लावली तर हा आकडा काही पटींनी उतरतो, तरी आरओच्या विजेपुढे तो डोंगरच राहतो. आणि सगळे आटवून झाल्यावर हाती काय येते? रंगाचे अवशेष मिसळलेले, कुणी विकत न घेणारे मिश्र क्षारांचे पोते.

तमिळनाडूतल्या तिरुपूरने हे सगळे भोगले आहे, म्हणून तिरुपूरचा अनुभव महाराष्ट्राने नीट वाचला पाहिजे. नोय्यल नदीवर शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपलायम धरणात तिरुपूरच्या रंगशाळांचे पाणी साठत गेले आणि अखेर खालच्या शेतकऱ्यांना ते धरणच नकोसे झाले. ते न्यायालयात गेले. वर्षानुवर्षांच्या सुनावण्या आणि मुदतवाढींनंतर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य विसर्ग, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणे, न साधणाऱ्या रंगशाळा व ब्लीचिंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सातशेहून अधिक कारखाने एका झटक्यात थांबले. त्यानंतर राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामूहिक केंद्रांमध्ये आरओ आणि बाष्पीभवक बसले आणि तिरुपूर पुन्हा उभे राहिले. यातून बहुतेक लोक दोन धडे घेतात: एक, न्यायालयाचा बडगा लागतो, दोन, मेम्ब्रेन बसवली की साधते. तिसरा धडा त्या दोहोंपेक्षा महत्त्वाचा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. तिथे ज्या केंद्रांनी पुढे सुधारणा केली, त्यांनी रंगाचे तीव्र पाणी आणि धुण्याचे फिके पाणी कारखान्यातच वेगळे करायला लावले. बहुतेक मीठ रंगाच्या पहिल्या पाण्यातच असते आणि ते पाणी एकूण पाण्याचा लहानसा भाग असते. तेवढे वेगळे काढून त्यातला रंग आणि गढूळपणा उतरवला, की उरलेले खारे पाणी पुढच्या कापडाला पुन्हा वापरता येते. मीठ विकत घ्यायचा खर्च वाचतो आणि आटवायचे पाणी कमी होते. सगळे पाणी एका गटारात एकत्र करून मग महागड्या यंत्राने ते पुन्हा वेगळे करत बसणे, ही कोणत्याही घरच्या बाईला पटणारी व्यवस्था नाही. डाळ-तांदूळ मिसळून मग निवडत बसण्यातला प्रकार तो.

हा फरक पटलाच्या निवडीतही दिसतो. कारखान्याने साधे मीठ वापरले असेल, तर नॅनोफिल्ट्रेशन रंग अडवून मिठाचे पाणी पलीकडे सोडते आणि ते थेट पुन्हा वापरात येते. ग्लॉबर सॉल्ट वापरले असेल तर तेच पटल सल्फेटही रंगाबरोबर अडवते; मग ते गार करून स्फटिक काढण्याचा वेगळा मार्ग धरावा लागतो. म्हणजे कोणते पटल चालेल हे रंगशाळेतल्या मिठाच्या पोत्यावरून ठरते. पटल आधी ठरवून निविदा काढायची आणि कारखान्यांना मागाहून विचारायचे, या सरकारी क्रमाने हे जमणारे नाही.

कुणी म्हणेल की, सिंगापूरने तर शहराचे सांडपाणी मेम्ब्रेनने शुद्ध करून पुन्हा वापरात आणले, मग आपल्याला का जमू नये? सिंगापूरचे न्यूवॉटर २००३ पासून चालू आहे आणि ते खरोखर यशस्वी आहे. पण तिथे घरगुती सांडपाणी हा कच्चा माल आहे, त्यात क्षार थोडे असतात. पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि पुनर्वापर हे सगळे एकाच संस्थेकडे आहे. आणि बेटाभोवती समुद्र आहे. आपल्याकडे घरगुती सांडपाण्याच्या बाबतीत सिंगापूरकडून जरूर शिकावे. चेन्नईने कोयंबेडू आणि कोडुंगैयूर येथे शहराचे मैलापाणी आरओपर्यंत नेऊन कारखान्यांना द्यायला सुरुवात केली आहे. नागपूरच्या भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते आणि तेवढे धरणाचे पाणी वाचते. ही दिशा योग्य आहे. पण रंगशाळेच्या पाण्याला तोच उपाय लावणे म्हणजे सर्दीचे औषध क्षयाला देणे होय.

दुसरा युक्तिवाद पैशाचा असतो: यंत्रसामग्रीला अनुदान द्या, बाकी कारखानदार पाहून घेतील. या ठिकाणी मला देशाच्या मैलापाण्याचे आकडे आठवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते, उभारलेली प्रक्रियाक्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे बांधून तयार असलेल्या क्षमतेचा तिसरा हिस्सा वापराविना पडून होता. उद्घाटनाची फीत कापायला पैसा मिळतो, पण पुढच्या महिन्याच्या वीजबिलाला मिळत नाही. मेम्ब्रेनच्या बाबतीत हा आजार जास्तच घातक ठरतो, कारण साधी टाकी चार महिने बंद राहिली तर पुन्हा चालू करता येते. पटल मात्र कोरडे पडले किंवा त्यावर शेवाळ धरले की भंगारात जाते.

म्हणून माझी सूचना अगदी गद्य आहे. अनुदान यंत्रावर न देता, परत वापरात आलेल्या दर हजार लिटर पाण्यावर द्यावे, आणि ते देताना मिठाचा ताळेबंद मागावा. मीठ नष्ट होत नाही, वाफ होऊन उडत नाही, जिवाणू ते खात नाहीत. वर्षभरात कारखान्याने किती टन मीठ आणि सोडियम सल्फेट विकत घेतले हे त्याच्या खरेदीच्या बिलांवर आणि जीएसटीच्या नोंदींत असते. त्यातले किती पुन्हा वापरले, किती स्फटिकरूपाने विकले, किती पोती धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवली, हेही कागदावर येऊ शकते. या दोन आकड्यांत जे अंतर पडेल तेवढे मीठ नदीत, नाल्यात किंवा बोअरमध्ये गेले, एवढे सरळ अनुमान काढता येते. रात्री नाल्यात पाणी सोडणाऱ्यावर पाळत ठेवायला माणसे कमी पडतात, मोजमापाची यंत्रे बिघडवता येतात, नमुना घ्यायला अधिकारी येणार हे आधी कळते; खरेदीची बिले मात्र दुसऱ्या एका कारखान्याच्या, म्हणजे मीठ विकणाऱ्याच्या, वहीतही असतात. कुठे पाणी मुरते आहे ते या हिशोबात अक्षरशः सापडेल.

या सूचनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप कारखानदारांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. तिरुपूरचा माल बहुतांशी निर्यातीचा होसियरी माल आहे, परदेशी गिऱ्हाईक स्वतःच पर्यावरणाचे दाखले मागते आणि किमतीत थोडी जागा असते. इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा मीटरमागे पैशांच्या फरकावर चालतो. इथे एकट्यावर सक्ती केली तर रंगवायचे काम सरळ दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या राज्यात जाईल आणि पंचगंगेची घाण दुसऱ्या नदीत जाईल. तिरुपूरच्या बंदनंतर असे स्थलांतर झालेच होते. यावर उत्तर एकच दिसते की, मिठाचा ताळेबंद देशभर एकाच वेळी, एकाच नमुन्यात मागावा. त्यासाठी नवे पटल लागत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राच्या अर्जात एक रकाना लागतो. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योगाच्या योजनांतून पैसा वाटला जातो, त्याला ही अट जोडणे अशक्य नाही.

नव्या पटलांचा एक खर्च मात्र या हिशोबातही सहज बसत नाही. गाळणीच्या पटलांत आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक आहे. युरोपात २०२३ मध्ये पाच देशांनी ज्या चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांवर बंदीचा प्रस्ताव मांडला, त्यांच्या कक्षेत असे बहुवारिकही (पॉलिमर) येतात. आयुष्य संपलेल्या मेम्ब्रेनच्या नळकांड्या आज बहुतेक ठिकाणी सरळ कचऱ्यात जातात. पाणी शुद्ध करणारी वस्तूच पुढच्या पिढीचा कचरा ठरणार असेल, तर तिचाही रकाना त्या अर्जात असायला हवा.

पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. तो शिरोळ तालुका मिठाला चांगला ओळखतो. तिथली हजारो एकर जमीन क्षारपड झाली, मुख्यतः उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या बेसुमार पाण्यामुळे. रंगशाळांवर तो दोष टाकणे अन्यायाचे होईल. ती सुधारण्यासाठी शेतकरी कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकतात, त्यातून खारे पाणी निचरून चरीला, चरीतून ओढ्याला आणि ओढ्यातून पुन्हा नदीला जाते. शेत वाचते, पण मीठ पुढच्या गावाच्या हद्दीत जाते. त्याचे वजन अजून कुणी करत नाही.